बेटांवरील सार्वजनिक सोयी व शासकीय अनुदाने : रायगड किनारा

चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेल्या लहान वस्त्यांमधील धक्के, तरी, बांध, पाणीपुरवठा, दीपगृहे, वीज इ. सार्वजनिक सोयींच्या परिरक्षणासाठी शासनाने दिलेले किंवा नेमून दिलेले अर्थसाहाय्य. अशा वस्त्यांची लोकसंख्या थोडी व जमीन महसूल नगण्य असतो. सोयींचा खर्च मात्र लोकसंख्येच्या प्रमाणात कमी होत नाही. शंभर घरांसाठी बांधलेला धक्काही हजार घरांसाठी बांधलेल्या धक्क्याइतकाच लाटांचा मारा सोसतो. त्यामुळे बेटावरील सोयी स्थानिक उत्पन्नावर टिकत नाहीत आणि त्यांचा खर्च कोणत्या उत्पन्नातून भागवावा, हा प्रश्न प्रत्येक राजवटीपुढे उभा राहिलेला दिसतो. रायगड (१ जानेवारी १९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या किनाऱ्यावर या प्रश्नाचा सु. साडेतीन शतकांचा इतिहास उपलब्ध आहे. बांधकामाला पैसा मिळतो, देखभालीला मिळत नाही, हे त्या इतिहासाचे ठळक सूत्र होय.

भौगोलिक पार्श्वभूमी : रायगड जिल्ह्याचा किनारा सु. २४० किमी. लांबीचा व दंतुर असून तो धरमतर, राजपुरी, बाणकोट इ. खाड्यांनी छेदला गेला आहे. किनाऱ्यालगतच्या बेटांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात मुंबई बंदराच्या परिसरातील घारापुरी, करंजा, न्हावा व शेवा ही बेटे मोडतात. यांपैकी करंजा, न्हावा व शेवा ही बेटे मिठागरे, भराव व रस्ते यांमुळे मुख्य भूमीला जोडली गेली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यानंतर त्यांचे बेटपण नावापुरतेच उरले. घारापुरी हे मात्र आजही खऱ्या अर्थाने वस्तीचे बेट आहे. दुसरा वर्ग जलदुर्गांचा : खांदेरी, उंदेरी, कुलाबा, जंजिरा व पद्मदुर्ग (कासा). यांपैकी अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. इतरांना होडीवाचून मार्ग नाही. तिसऱ्या वर्गात खाड्यांच्या मुखांजवळचा खारपट्टा येतो. पेण व अलिबाग तालुक्यांतील ही गावे भूगोलाच्या व्याख्येनुसार बेटे नव्हेत. पण एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला तिचे फाटे आणि मधली जमीन भरतीच्या पातळीखाली, अशा स्थितीमुळे त्यांचे जीवन बेटवासीयांसारखेच बांधावर अवलंबून असते. या किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटीतील अंतर सु. ४ ते ५ मी. असते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात लहान नौकांची वाहतूक बहुतांशी थांबते. त्यामुळे दुरुस्तीसाठी वर्षातील सात-आठ महिनेच हाती लागतात. मंजूर रक्कम मार्चअखेर हाती पडली, तर प्रत्यक्ष काम पुढील पावसाळ्यापलीकडे जाते.

मराठा व सिद्दी काल : बेटावरील ठाण्याचा खर्च मुख्य भूमीवरील महसुलातून भागवावा, हे तत्त्व सतराव्या शतकात रूढ झालेले आढळते. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी छत्रपती शिवाजी महाराजांनी मुरुडसमोरील कासा खडकावर पद्मदुर्ग उभारला. या कामी लागणारा पैका व गल्ला प्रभावळी सुभ्यावर नेमून देण्यात आला होता. तो वेळेवर न पोहोचल्याने महाराजांनी तेथील सुभेदार जिवाजी विनायक यांस जानेवारी १६७५ मध्ये अत्यंत कठोर शब्दांत लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. रसद थांबली तर बेटावरील लोकांना दुसरा आधार नाही आणि ही दिरंगाई शत्रूला साहाय्य करण्यासारखीच आहे, असा त्याचा आशय आहे. बेटासाठी मंजूर झालेली नेमणूक व ती प्रत्यक्ष पोहोचणे यांतील अंतर दाखविणारा हा या किनाऱ्यावरील आरंभीचा लेखी पुरावा म्हणता येईल.

रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात (अठराव्या शतकाचा आरंभ) दुर्ग व आरमार यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. आरमाराचा खर्च निश्चित मुलुखाच्या उत्पन्नावर नेमून द्यावा. बंदरांतील आयत्या वेळच्या पैदास्तीवर तो टाकू नये, तसे केल्यास सावकारांस उपद्रव होऊन बंदरे बुडतात, असे त्यात प्रतिपादन केले आहे. स्थिर खर्चाला स्थिर उत्पन्न हवे आणि वापरणाऱ्यांवर अतिरिक्त कर लादल्यास वापरच घटतो, हा त्यातील विचार आधुनिक अनुदानशास्त्रालाही अपरिचित नाही.

खांदेरी बेटावर १६७९ मध्ये मराठ्यांनी ठाणे बसविले. लगोलग सिद्दीने उंदेरी बळकावून तटबंदी केली. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ व कान्होजी आंग्रे यांच्यात झालेल्या करारानुसार आंग्र्यांकडे १० किल्ले व १६ लहान ठाणी राहिली. त्यांच्या देखभालीचा भार लगतच्या मुलखाच्या वसुलावर पडत असे. जंजिऱ्याचे वैशिष्ट्य असे, की तेथे बेट हीच राजधानी होती. सु. ९ हेक्टर क्षेत्राच्या या किल्ल्यात गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव, वाडे, मशिदी व नागरी वस्ती होती आणि त्यांच्या डागडुजीसाठी संस्थानचा सर्व मुलूख राबत होता. राज्यकर्ता स्वतः बेटावर राहत असेतोपर्यंत तेथील सोयींची आबाळ होण्याचे कारण नव्हते. पुढे नबाबांचे वास्तव्य मुरुड येथे हलले आणि खर्चाचा ओघही किनाऱ्याकडे वळला.

ब्रिटिश अंमल : १७७४ अखेरच्या मोहिमेत इंग्रजांनी साष्टीबरोबर या बंदरातील बेटे घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी, घारापुरी, करंजा व हॉग बेट ही त्यांच्याकडे कायम झाली. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० मध्ये खालसा करण्यात आले. उरण व पनवेलचा भाग ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्ह्यात १८८३ मध्ये आला. जंजिरा संस्थान मात्र १९४८ पर्यंत वेगळे राहिले.

या काळात देखभालखर्चाचे तीन स्वतंत्र प्रवाह निर्माण झाले. पहिला स्थानिक निधीचा (लोकल फंड). मुंबई इलाख्यात १८६३ पासून जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयावर एक आणा उपकर घेण्यास आरंभ झाला व १८६९ च्या अधिनियमाने त्याला कायदेशीर अधिष्ठान मिळाले. त्यातील दोनतृतीयांश रक्कम रस्ते, विहिरी, धर्मशाळा इ. कामांवर व एकतृतीयांश शाळांवर खर्च होई. सार्वजनिक तरींच्या मक्त्याचे उत्पन्नही याच निधीत जमा होत असे. १८८४ च्या अधिनियमाने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे स्थापन झाल्यावर हा निधी त्यांच्या हाती गेला. या पद्धतीचा मूलभूत दोष असा, की उपकर जमीन महसुलावर आधारलेला होता. ज्या बेटावर शेतजमीन अल्प व उपजीविका मासेमारीवर, तेथून उपकर अल्प जमे. साहजिकच लोकल बोर्डात अशा वस्तीचा आवाजही क्षीण राहिला.

दुसरा प्रवाह बंदरशुल्काचा. १८८२ च्या मुंबई अधिनियमाने लहान बंदरांतील धक्क्यांच्या वापरासाठी उतराई व धक्काशुल्क आकारण्याची तरतूद केली. पुढे १९०८ च्या भारतीय बंदर अधिनियमाने बंदरनिधीची व्यवस्था नियमबद्ध केली. येथे वापरणाऱ्यानेच देखभालीचा खर्च द्यावा हे तत्त्व होते. रेवस, धरमतर यांसारख्या गजबजलेल्या ठिकाणी ते चालू शकले. लहान बंदरांत शुल्काची जमा आणि दुरुस्तीची गरज यांचा मेळ बसणे कठीण होते.

तिसरा प्रवाह दीपगृहांचा. खांदेरी बेटावर १८६७ मध्ये दीपगृह उभे राहिले. मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजांना ते आवश्यक असल्याने त्याचा खर्च जहाजांवरील आकारणीतून निघे. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ मध्ये झाली व या दीपगृहाची व्यवस्था त्या संस्थेकडे आली. १९२७ च्या दीपगृह अधिनियमाने सामान्य दीपगृहे केंद्र शासनाकडे व स्थानिक दीपगृहे संबंधित बंदरसंस्थेकडे अशी विभागणी केली. बेटावर कायमची वस्ती नसतानाही खांदेरीची व्यवस्था दीड शतकाहून अधिक काळ अखंड टिकली; याउलट वस्ती असलेल्या बेटांवरील सोयी वारंवार मोडकळीस आल्या. लाभार्थी धनवान व उत्पन्न निश्चित असल्यास दूरच्या बेटावरील बांधकामही उत्तम राखता येते, एवढाच याचा अर्थ. १९९८ मध्ये या बेटास कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ दुर्गांमध्ये खांदेरीचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यामुळे दीपगृहाच्या बरोबरीने तटबंदी, उतरण्याची जागा व अभ्यागतांच्या सोयी यांचेही परिरक्षण अगत्याचे झाले आहे.

सागरी प्रवासाच्या सुरक्षिततेकडे तुलनेने दुर्लक्ष झाले. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट ऐन पावसाळी हवेत बुडून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. किनाऱ्यावरील गावांची मुंबईशी असलेली वहिवाट किती अपुऱ्या साधनांवर चालत होती, हे या दुर्घटनेने उघड केले.

खारपट्टा व बंदिस्ती : परिरक्षणाच्या जबाबदारीचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने पुढे आला तो खारपट्ट्यात. खाडीच्या भरतीखालील जमीन मातीच्या बांधाने अडवून भातशेतीखाली आणण्याची रीत येथे जुनी आहे. बांधाच्या खाडीकडील बाजूस दगडांची फरसबंदी करतात. पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी उघाडी ठेवतात. तिची दारे ओहोटीस आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात व भरतीस बाहेरच्या दाबाने मिटतात. खेकड्यांची बिळे, फरसबंदीतील निखळलेले दगड किंवा उघाडीचे कुजलेले दार, एवढ्या क्षुल्लक कारणाने उधाणाचे पाणी आत शिरू लागते. मग बांधाला खांड पडते व प्रत्येक भरतीगणिक ती रुंदावत जाते. प्रारंभी काही मजूर एका ओहोटीत जी खांड बुजवू शकतात, ती महिनाभराने यंत्रांवाचून बुजत नाही. शिवाय शिरलेले मीठ धुऊन निघण्यास दोन-तीन पावसाळे लागतात आणि तोवर भाताचे पीक हाती येत नाही. देखभालीस विलंब झाल्यास खर्च सरळ प्रमाणात न वाढता अनेक पटींनी वाढतो, हे खारबांधाइतके स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच दिसते.

ब्रिटिशपूर्व काळापासून शिलोत्री पद्धतीने या बांधांची व्यवस्था होत असे. ज्याने जमीन समुद्रातून काढली तो शिलोत्रदार कुळांकडून धान्यरूपाने ठरावीक हक्क घेई व त्या मोबदल्यात बाहेरील मोठ्या बांधाची दुरुस्ती करी. आतील लहान बांध कुळांनी राखावयाचे असत. हा हक्क म्हणजे एक प्रकारचा देखभाल उपकरच होता. कालांतराने हक्क घेणे चालू राहिले. परंतु बांधांची दुरुस्ती टाळली जाऊ लागली व तिचा बोजा वेठीच्या रूपाने कुळांवर पडला. अलिबाग तालुक्यातील चरी व परिसरातील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात केलेला प्रदीर्घ संप हा मुख्यतः खोतांच्या पिळवणुकीविरुद्ध होता. ही चळवळ खारपट्ट्यातच उभी राहिली, हे लक्षणीय आहे.

स्वातंत्र्योत्तर जमीनसुधारणांनी कुळांना मालकी मिळाली. १९४९ च्या अधिनियमाने खोती नष्ट झाली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हा बदल अत्यंत आवश्यक होता. तथापि खोत व शिलोत्रदार यांच्याबरोबर बाहेरील बांधाची जबाबदारी घेणारी व्यक्तीही नाहीशी झाली. एकेका बांधामागे शेकडो लहान खातेदार आले. ज्याची जमीन बांधालगत, तो चिंताग्रस्त व ज्याची दूर, तो उदासीन, अशी स्थिती उद्भवली. ही पोकळी भरून काढण्यासाठी मुंबई खार जमीन अधिनियम, १९४८ करण्यात येऊन खार जमीन मंडळ स्थापन झाले. बंदिस्तीच्या योजना हाती घेणे व त्यांचा खर्च शासन व खातेदार यांनी वाटून घेणे, असे तिचे स्वरूप होते. खातेदारांचा हिस्सा वसूल होणे दुष्कर ठरले. त्यानंतरच्या महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम, १९७९ ने बंदिस्तीची बांधणी, दुरुस्ती व परिरक्षण शासनाच्या कक्षेत आणले आणि लाभधारकांवर उपकर बसविण्याची तरतूद केली. एका अर्थी जुन्या शिलोत्री हक्काची जागा शासकीय उपकराने घेतली. फरक एवढाच, की शिलोत्रदाराचे उत्पन्न त्याच बांधाच्या पिकावर अवलंबून होते. खात्याचा निधी मात्र राज्याच्या अर्थसंकल्पातील इतर असंख्य मागण्यांशी स्पर्धा करतो. २०१५ नंतर राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होऊन खारबांधांचे बळकटीकरण व अलिबाग येथील भूमिगत वीजवाहिन्या ही कामे हाती घेण्यात आली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा अशा कामांची निकड पुनश्च प्रत्ययास आली.

जंजिरा : विलीनीकरण व वस्तीचा ऱ्हास : जंजिरा संस्थान मार्च १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले व मुरुड, श्रीवर्धन, म्हसळे हे भाग कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आले. संस्थानचा खजिना संपुष्टात आल्याबरोबर किल्ल्यातील सोयींना कायमचा आश्रय उरला नाही. तट व वास्तू या पुरातत्त्वदृष्ट्या संरक्षित झाल्या. परंतु स्मारकाचे जतन आणि वस्तीसाठी पाणी, शाळा, दवाखाना व होडीची सोय या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी खाते होते, दुसरीसाठी नव्हते. रोजगार व शिक्षण किनाऱ्यावर असल्याने कुटुंबे क्रमाक्रमाने राजपुरी व मुरुड येथे स्थलांतरित झाली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किल्ला निर्मनुष्य झाला. कोणत्याही आदेशाने हे स्थलांतर घडले नाही. ज्या बेटावरील नित्याच्या सोयींचा भार कोणी उचलत नाही, ते बेट हळूहळू रिकामे होते, याचे हे उदाहरण होय. पर्यटकांची रीघ लागल्यानंतर अलीकडे तेथे उतरण्याच्या सुरक्षित धक्क्याचे काम हाती घेण्यात आले. रहिवासी असताना जी सोय झाली नाही, ती अभ्यागतांसाठी होत आहे.

स्वातंत्र्योत्तर अनुदानपद्धती : मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ आणि महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ यांनी ग्रामीण सोयींची जबाबदारी पंचायत राज्यसंस्थांकडे सोपविली. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. त्यांना द्यावयाच्या अनुदानांत जमीन महसूल अनुदान, सप्रयोजन अनुदान, आस्थापना अनुदान, तूट समायोजन अनुदान, ठोक अनुदान इ. प्रकार अंतर्भूत आहेत. ग्रामपंचायतींनाही जमीन महसुलाच्या प्रमाणात हिस्सा मिळतो. या रचनेत लोकल बोर्डांच्या काळातील दोष काही अंशी शिल्लक राहिला : ज्या गावाचा महसूल अल्प, त्याचे महसूलाधिष्ठित अनुदानही अल्प.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर (अंमल २४ एप्रिल १९९३) केंद्रीय वित्त आयोगाची अनुदाने ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचू लागली. चौदाव्या वित्त आयोगाने (२०१५–२०) राज्याराज्यांतील वाटपासाठी लोकसंख्येस ९० टक्के व क्षेत्रफळास १० टक्के भार दिला; राज्य वित्त आयोगाचे सूत्र उपलब्ध नसल्यास पंचायतींमधील वाटपालाही हाच निकष लागू केला. पंधराव्या आयोगाने २०२१–२६ या कालावधीसाठी ग्रामीण अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणीपुरवठा व स्वच्छता यांसाठी बांधून दिली. समान लोकसंख्येच्या दोन गावांना समान रक्कम, हे सूत्र वरकरणी निर्विवाद वाटते. पण मुख्य भूमीवरील गावाला सिमेंट, खडी, पंपाचे सुटे भाग वा कारागीर ट्रकने मिळतात. बेटावर तेच सामान प्रथम बंदरात, मग होडीत, मग भरतीची वेळ साधून धक्क्यावर व तेथून बहुधा डोक्यावर न्यावे लागते. एकाच रकमेत बेटावर कमी काम होते. मात्र अनुदानाच्या हिशेबात हा फरक उमटत नाही.

याखेरीज भारतीय अर्थसंकल्पांत दीर्घकाळ असलेला योजनांतर्गत व योजनेतर खर्च हा भेदही देखभालीस प्रतिकूल ठरला. नवे बांधकाम योजनांतर्गत मोडे व त्यास प्रतिष्ठा होती. जुन्याची दुरुस्ती योजनेतर मानली जाऊन काटकसरीच्या काळात तिच्यावर प्रथम कात्री चाले. हा भेद २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून रद्द झाला असला, तरी त्याने घडविलेली प्रवृत्ती एकदम नाहीशी झालेली नाही. धक्का खचल्यावर नव्या धक्क्याचा प्रस्ताव करणे हे वेळीच सांधे भरण्यापेक्षा प्रशासकीयदृष्ट्या सुलभ ठरते.

लहान बंदरांची व्यवस्था १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आली. धक्के बांधणे, प्रवासी नौकांना परवाने देणे, शुल्क वसूल करणे ही कामे मंडळ करते. मोठ्या प्रवासी मार्गांचे उत्पन्न व उत्पन्नहीन धक्क्यांची देखभाल एकाच संस्थेकडे आल्याने पहिल्यातून दुसऱ्याचा खर्च भागविण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली. केंद्राच्या सागरमाला कार्यक्रमातूनही (२०१५ पासून) धक्क्यांना अर्थसाहाय्य मिळू लागले. मार्च २०२० मध्ये मुंबई–मांडवा ही वाहनवाहू जलसेवा सुरू झाली. तथापि अशा योजनांचा भर भांडवली कामांवर असतो. त्यांच्या परिरक्षणाची तरतूद राज्य किंवा स्थानिक संस्थेने करावयाची असते.

घारापुरी : उरण तालुक्यातील हे बेट मुंबईच्या अपोलो बंदरापासून सु. १० किमी. अंतरावर असून तेथे राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या तीन वस्त्या आहेत. एकूण लोकसंख्या सु. १,२०० आहे. येथील लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. तत्पूर्वी १९८५ मध्ये बेट व सभोवतालचा एक किमी.चा पट्टा बांधकामास प्रतिबंधित ठरविण्यात आला होता. लेण्यांची निगा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते, धक्क्यांची सागरी मंडळ, पर्यटकांच्या सोयींची पर्यटन विकास महामंडळ व गावाची ग्रामपंचायत, अशी विभागणी आहे. लेण्यांचे प्रवेशशुल्क केंद्राकडे जाते. ग्रामपंचायतीस अभ्यागतांवरील अल्प कराचे उत्पन्न मिळते. वर्षभर येणाऱ्या लोकांचा कचरा, पाणी व वाटा यांचा भार मात्र बाराशे लोकांच्या पंचायतीवर पडतो.

बेटावर दीर्घकाळ डिझेल जनित्रावर सायंकाळचे काही तासच वीज मिळे. इंधन होडीने आणावे लागे. शीतपेटी, पिठाची गिरणी, पाण्याचा पंप, विद्यार्थ्यांचा अभ्यास हे सर्व त्या थोड्या तासांत बसवावे लागत असे. देशाच्या आर्थिक राजधानीचे दिवे समोर दिसत असूनही स्वातंत्र्यानंतर सात दशके ही स्थिती राहिली. अखेर सु. २५ कोटी रु. खर्चून न्हाव्याकडून समुद्रतळातून सु. ७·५ किमी. लांबीची वीजवाहिनी टाकण्यात आली व २२ फेब्रुवारी २०१८ रोजी तिन्ही वस्त्यांना अखंड वीजपुरवठा सुरू झाला. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे अर्थसाहाय्य व राज्य वीज वितरण कंपनीची अंमलबजावणी यांतून हे काम झाले.

या खर्चाचा दरडोई हिशेब केल्यास तो दोन लाख रुपयांहून अधिक भरतो. वीजदरांतून एवढी रक्कम कधीही वसूल होणार नाही, हे उघड आहे. लोकसंख्याधिष्ठित सूत्राने हे काम कधीच मंजूर झाले नसते. ते शक्य झाले त्यामागे बेटाचा जागतिक वारसा दर्जा, पर्यटन आणि महानगर प्रदेशातील समावेश ही कारणे होती. हे तिन्ही योग एकत्र नसलेल्या वस्तीला असे साहाय्य मिळणे दुर्लभ असते. शिवाय वीजवाहिनीचेही परिरक्षण आलेच. वर्दळीच्या बंदरातील नांगर, गाळ व खारे पाणी यांपासून ती राखणे हा दरवर्षीचा खर्च असून तो समारंभाचा विषय होत नाही. बेटाची दुसरी जीवनरेखा म्हणजे प्रवासी नौका. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी नौकेस नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसून प्राणहानी झाली. जीवरक्षक साधने, नौकांची तपासणी व जलमार्गाचे नियमन हीदेखील बेटाची सार्वजनिक सोयच होय, याची जाणीव त्यामुळे ठळक झाली.

इतरत्रच्या पद्धती : बेटांचा वाढीव खर्च अनुदानाच्या सूत्रातच मान्य करण्याची पद्धत काही देशांनी स्वीकारली आहे. जपानने १९५३ मध्ये दूरस्थ बेटांच्या विकासासाठी स्वतंत्र कायदा केला; त्यानुसार बंदरे, रस्ते इ. कामांना मुख्य भूमीपेक्षा अधिक दराने राष्ट्रीय साहाय्य मिळते. हा कायदा मुदतीचा असून तो वेळोवेळी वाढविण्यात आला आहे. स्कॉटलंडमध्ये ऑर्कनी, शेटलंड, वेस्टर्न आइल्स इ. प्रदेशांच्या स्थानिक संस्थांच्या अनुदानात बेटांच्या विशेष गरजांसाठी वेगळा भत्ता धरला जातो. तसेच २०१८ च्या अधिनियमान्वये नव्या धोरणाचा बेटांवर काय परिणाम होईल, हे तपासण्याचे बंधन सार्वजनिक संस्थांवर घालण्यात आले. भारतात अंदमान-निकोबार व लक्षद्वीप हे केंद्रशासित प्रदेश असल्याने तेथील खर्च थेट केंद्राकडून होतो व त्यांच्या बंदरकामांसाठी १९६५ पासून स्वतंत्र यंत्रणा आहे. राज्यांच्या किनाऱ्यालगतची लहान बेटे मात्र या व्यवस्थेबाहेर राहतात. ती जिल्हा परिषदेच्या दृष्टीने इतर खेड्यांसारखीच एक खेडे ठरतात.

समालोचन : रायगड किनाऱ्यावरील इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, बेटावरील सोयी त्याच उत्पन्नावर टिकल्या, जे निश्चित, नियमित व त्या कामासाठी राखून ठेवलेले होते. आरमाराची नेमणूक, आरंभीच्या काळातील शिलोत्री हक्क व दीपगृहाची आकारणी ही त्याची उदाहरणे होत. दोन, उत्पन्न घेणारा व दुरुस्ती करणारा यांची फारकत झाली, की बांधकाम ढासळते. उत्तरकालीन शिलोत्री पद्धतीत हेच घडले. घारापुरीतही लेण्यांचे शुल्क एकाकडे व गावाचा भार दुसऱ्याकडे, अशी फारकत दिसते. तीन, लोकसंख्या किंवा महसूल यांवर आधारित समान सूत्र बेटांच्या बाबतीत विषम परिणाम घडविते. जलवाहतुकीचा वाढीव खर्च, पावसाळ्यातील विच्छिन्नता व खाऱ्या हवेतील जलद झीज हे घटक अनुदानाच्या सूत्रात धरणे, बांधकामाबरोबरच त्याच्या परिरक्षणाची वार्षिक रक्कम ठरवून देणे आणि ती पावसाळा संपताच हाती पडेल अशी व्यवस्था करणे, हे उपाय त्यातून सूचित होतात. समुद्रपातळीतील वाढ व वादळांची तीव्रता लक्षात घेता खारबांध व धक्के यांच्या दुरुस्तीचा भार यापुढे वाढतच जाणार आहे. जंजिऱ्यातील वस्ती उठून गेली, घारापुरीतील टिकून आहे; यांतील अंतर बेटाच्या भूगोलाने जेवढे निर्माण केले, तेवढेच सोयींच्या सातत्यानेही केले आहे.